भुरीचं औषध

राजमतीच्या रुग्णालयातल्या खोलीत कुणी जायचं आणि कुणी नाही, हे ठरवायचा अधिकार त्या वर्षी मगदूमांच्या घरात कुणाकडेच उरला नव्हता. तो एका यंत्राकडे गेला होता. चाहूल असं त्याचं नाव. दिसायला मिक्सरएवढं, आवाज त्याहून कमी, आणि त्याच्या निकालावर कुठं दाद मागायची सोय नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यानं नवऱ्याला बाहेर काढलं आणि सासूला आत घेतलं.

तासगाव भागात मगदूमांच्या घराशी ज्याची ओळख आहे, त्याला हे ऐकून हसूच आलं असतं. राजमती आणि तिची सासू अनंतमती आक्का, राजमतीच्या आत्ती, यांचं लग्नापासून कधी पटलं नव्हतं. भांडणाचं मूळ म्हटलं तर चहा. राजमतीला चहात आलं लागायचं, आणि आक्कांच्या स्वयंपाकघरात जमिनीखाली उगवलेलं काही येत नसे. आक्का दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, गाळल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या, जुन्या वळणाच्या जैन बाई. राजमतीनं मग अठरा वर्षं आल्याचा चहा बेदाण्याच्या शेडमध्ये चूल मांडून प्यायला, तोही आक्कांना वास जाईल अशा बेतानं. आता त्याच आक्का तोंडाला मास्क लावून सुनेच्या उशाशी बसल्या होत्या, ती ओकली की भांडं धरत होत्या, आणि भरतेश काचेच्या दाराबाहेर फोन कानाला लावून उभा होता.

चाहूल काय करायची ते सांगायला हवं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपण ते प्रत्येक श्वासाबरोबर आत घेतो आणि आपल्याला पत्ताही नसतो, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना फुप्फुसातच गाठून संपवतात. राजमतीला झालेल्या रक्ताच्या कर्करोगावरची औषधं रोगट पेशींबरोबर या राखणदारांनाही मारतात. मग काही आठवडे माणूस उघडा पडतो. तेवढ्यात एखादा बीजाणू आत रुजला, तर तो छातीच्या फोटोत दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून पूर्वी अशा सगळ्याच रुग्णांना बुरशीचं औषध आधीपासून देत. पण त्या औषधाचा यकृताला ताप होता, आणि गरज खरी कुणाला आहे हे कुणालाच सांगता येत नसे.

चाहूल ते सांगायची. खोलीतली हवा ओढून एका चिकट पट्टीवरून न्यायची, पट्टीवर बसलेले बीजाणू उजेडात मोजायची, त्यात रोजच्या रक्ततपासणीतल्या पांढऱ्या पेशी, ताप, छातीचे फोटो मिळवायची, आणि एक आकडा द्यायची. या अवस्थेतल्या शंभर माणसांपैकी येत्या आठवड्यात इतक्या जणांना बुरशी धरेल, असा त्याचा अर्थ. भेटायला येणाऱ्यांसाठी दारातच हवेचा झोत होता. तुमच्या अंगावरून काय उडालं ते मोजून चाहूल तुमचा वाटा सांगायची. आक्कांचा वाटा दोन आला. भरतेशचा एकेचाळीस.

"मी घासून आंघोळ करून आलोय, डॉक्टर," भरतेश म्हणाला.

डॉ. शाहीन पटवेगार यांच्याकडे तो सगळा विभाग होता. बाई मिरजेच्या, बोलणं मऊ, पण नियमाला पक्क्या. "आंघोळीनं जात नाही ते. तुम्ही काय करता?"

"द्राक्षबाग हाय. बेदाण्याचं शेड घराच्या मागंच."

"मग बरोबर आहे. केसांत असणार, गाडीच्या सीटवर असणार. यात तुमचा काही दोष नाही, मगदूमसाहेब. पण आत नाही सोडता यायचं."

दोष नाही म्हटल्यानं माणसाला बरं वाटतंच असं नाही. भरतेशला ते फार लागलं. काचेपलीकडून राजमतीनं त्याचा चेहरा बघितला आणि फोनवर म्हणाली, "काय हो, इतकी वर्षं शेजारी झोपलात, आणि आता कळायलंय की तुम्हीच बुरशी!" ती हसली, तोही हसला, आणि खाली गाडीत येऊन रडला.

आता भरतेश मगदूम म्हणजे काही साधासुधा बागायतदार नव्हता. आमच्या भागात बागेवर ड्रोन आले, पानावरचा ओलावा मोजणारे खांब आले, मोबाईलवर सल्ला देणारे आले, तरी आभाळ भरून आलं आणि भुरी, दावण्या असल्या द्राक्षावरच्या बुरशींची भीती पडली की सकाळी लोक भरतेशच्या कट्ट्यावर जमायचे. भुरी दिसायला लागलीय, काय मारू? दावण्या येईल असं वाटतंय, किती मारू? तो पान हातात घ्यायचा, उलटं करायचा, आणि सांगायचा. त्याचा एक नियम पोरासोरांनाही पाठ होता: एकच औषध लागोपाठ दोनदा मारायचं नाही, बुरशीला सवय लागती. लग्नाच्या पंगतीत कुणी दुसऱ्यांदा जिलेबी वाढायला आला, तरी लोक भरतेशकडे बघून हा नियम म्हणायचे.

औषधांची पहिली फेरी संपल्यावर राजमतीला घरी सोडलं. अशा रुग्णांबरोबर रुग्णालय घरी ठेवायला एक छोटी चाहूल देत असे. ती खोलीत लावली आणि आकडा बघून आक्कांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. तेवीस. रुग्णालयात तोच सात होता. दोन दिवसांत राजमतीला परत न्यावं लागलं. गाडीत बसताना ती दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, "माझंच घर मला चालंना झालंय बघा."

त्या वाक्यानं भरतेश पेटला. बुरशीच ना? बुरशीशी त्याचं वीस वर्षांचं वैर होतं.

खोलीच्या मागच्या भिंतीला ओल होती. कूलरच्या जाळीत काळं धरलेलं होतं. शेडमागं सडक्या बेदाण्याचा ढीग होता. भरतेशनं ढीग उचलून लांब टाकला, भिंत खरवडली, कूलर उन्हात टाकला. मग औषधाच्या कपाटापुढं उभा राहिला. गंधक मारावं तर राजमतीच्या छातीला सोसणार नाही. मोरचूद मारावं तर भिंती निळ्या होतील, आणि उग्रपणा आहेच. त्यानं भुरीचं एक औषध निवडलं, सगळ्यांत सौम्य, वास नसलेलं, डोळ्यांना न झोंबणारं. बायकोच्या जिवाला जपून निवडलं.

"अरे, माणसाच्या खोलीत बागेचं औषध?" आक्कांनी दारातून विचारलं.

"माणसावर न्हाई मारत, आई. भिंतीवर मारतोय. ती यायच्या आत वास सुदिक राहणार न्हाई."

खोली त्यानं बंद ठेवली, नंतर उघडून पुसून काढली. यंत्र लावलं. पंधरा. पुन्हा मारलं, पुन्हा पुसलं. अकरा. गाडीत मारलं, कपड्यांच्या कपाटात मारलं, जिन्याखाली मारलं. राजमती रुग्णालयात असेल तेव्हा दर आठवड्याला हेच काम. बागेवरचं त्याचं लक्ष उडालं, ऑक्टोबर छाटणी गड्यांवर सोडली. औषध बदलायचा विचार एकदा मनात आला होता, पण दुसरी सगळी जहाल होती. आणि आकडा तर उतरत होता. उतरणारा आकडा समोर दिसत असताना माणूस कशाला काय बदलेल?

दिवाळीच्या सुमारास घरचा आकडा सहावर आला. रुग्णालयातल्यापेक्षा कमी. भरतेशचा स्वतःचा वाटा नऊ झाला, आणि दारातल्या झोतानं त्याला पहिल्यांदा आत सोडलं.

"काय केलंत काय तुम्ही?" डॉ. पटवेगार खरोखर खूश झाल्या होत्या.

"साफसफाई केली," भरतेश म्हणाला. औषधाचं त्याच्या ओठावर आलं होतं, पण डॉक्टर बाई नाक मुरडतील असं वाटून तो थांबला.

"जे करताय ते चालू ठेवा. आकडा असाच राहिला तर आधीपासून औषध द्यायचीही गरज नाही. यकृताला तेवढाच आराम."

ती दिवाळी मगदूमांच्या घरात बरी गेली. राजमतीच्या डोक्यावर केस नव्हते, पायांत बळ नव्हतं, पण ती स्वतःच्या घरात होती. बरी झाल्यावर पहिल्यांदा काय करायचं याची तिची यादी पाठ होती: शेडमध्ये चूल, चुलीवर चहा, चहात आलं. भरतेश तिच्याजवळ बसायचा. तिनं एकदा त्याचा हात ओढून नाकाशी नेला.

"नुसता साबण," ती म्हणाली. "बेदाण्याचा वास कुठं गेला हो तुमचा?"

"तो घालवायलाच तर मरमर केली."

"कळतंय की मला." तिनं हात सोडला नाही. "आत्तींनी सांगितलं, भिंतीसुदिक औषधानं धुतल्या म्हणं. लोकांचे नवरे फुलं आणतात. आमच्या ह्यांनी पंप आणला."

शेवटच्या फेरीनंतर ती घरी असतानाच ताप आला. चाहूल सहा दाखवत होती. खोकला आला, तरी सहाच. आकडा सहा आहे म्हणून एक रात्र वाट बघितली, आणि सकाळी तिच्या थुंकीत रक्त दिसलं.

रुग्णालयात नेल्या नेल्या बुरशीचं औषध शिरेतून चालू झालं. उपयोग होईना. भरतेश काचेबाहेर उभा राहून सलाईनच्या खांबाला टांगलेल्या बाटलीवरचं नाव वाचत राहायचा. वाचायला दुसरं काही नव्हतंच. नाव अवघड होतं, पण त्याचं शेपूट ओळखीचं वाटत होतं, आणि कुठं वाचलंय ते त्याला आठवत नव्हतं. की आठवायचं नव्हतं, कोण जाणे.

चौथ्या दिवशी डॉ. पटवेगारांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर त्याच्या घरची चाहूल होती, झाकण उघडलेली, आतली पट्टी काढलेली.

"मगदूमसाहेब, हिच्या पट्टीवरचे बीजाणू आम्ही प्रयोगशाळेत वाढवून बघितले. कमीच होते. यंत्र खोटं बोललं नाही. पण जे होते ते सगळे एकाच जातीचे निघाले, आणि आम्ही देतोय त्या औषधाला जराही दाद न देणारे."

"म्हणजे?"

"चाहूल बीजाणू किती आहेत ते मोजते. कसे आहेत ते तिला कळत नाही. आणि आकडा कमी दिसला की आम्हीही पुढचं विचारत नाही." "आमची ही औषधं ज्या गटातली, त्याच गटातली औषधं पिकांवरही मारतात. द्राक्षावर तर मारतातच. लेचीपेची बुरशी मरून जाते, निगरगट्ट तेवढी मागं राहते. मग तिला रान मोकळं."

हे भरतेशला समजावून सांगायची गरज नव्हती. हेच तर तो कट्ट्यावर बसून लोकांना वर्षानुवर्षं सांगत आला होता. भुरीच्या औषधाचा डबा त्याच्या डोळ्यांपुढं आला, डब्यावरचं नाव आलं, नावाचं शेपूट आलं, सलाईनच्या बाटलीवर होतं तेच. बागेत ज्यानं एक औषध कधी लागोपाठ दोनदा मारू दिलं नाही, त्यानं घरात तेच एक औषध हंगामभर मारलं होतं. सौम्य म्हणून.

"बागेतून वाऱ्यानं आलं असणार," डॉक्टर म्हणत होत्या. "घरात वगैरे तुम्ही काही मारलं नव्हतं ना?"

"न्हाई," भरतेश म्हणाला.

का म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. शब्द तोंडातून गेला आणि डॉक्टरांनी मान डोलावली. झालं. आता ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"दुसऱ्या गटाचं औषध कालपासून सुरू केलंय," त्या म्हणाल्या. "पण ते मूत्रपिंडांवर जातं, आणि त्यांची आधीच थकलीत. मी खोटी आशा दाखवणार नाही. तुम्ही आत जाऊन बसा त्यांच्याजवळ."

तो सवयीनं दारातल्या झोतापुढं जाऊन उभा राहिला, हात थोडे लांब करून. परिचारिकेनं झोत सुरूच केला नाही.

"राहू द्या मामा," ती खाली बघत म्हणाली. "जावा तसंच."

मास्कही कुणी दिला नाही. चार महिने ज्या दारानं त्याला चाळून घेतलं होतं, ते आता काही विचारत नव्हतं. या मोकळ्या दाराचा अर्थ भरतेशला कळला.

राजमती जागी होती. नाकाला नळी, ओठ सुकलेले. उशाशी आक्का पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्याला बघून त्या उठून बाहेर गेल्या.

"मास्क न्हाई?" राजमतीनं विचारलं.

"नको म्हणाली ती पोरगी."

"मग खरंच हाय." ती थोडा वेळ दम घेत राहिली. "मला सकाळीच कळलं. आत्तींनी थर्मासातनं चहा आणला. आलं घालून. त्यांच्या स्वयंपाकघरात किसलं म्हणं, त्यांच्या हातानं."

त्यानं तिचा हात धरला. हात तापलेला होता.

"रडू नका. तुम्ही काय कमी केलं व्हय माझ्यासाठी? आपल्या नशिबात नव्हतं, तेवढंच." बोलायला तिला कष्ट पडत होते, पण आज ती थांबणार नव्हती. "राजू, मी..." असं तो म्हणायला लागला, तर तिनं त्याची बोटं दाबली.

"आधी माझं ऐका. शेजारच्या खोलीतली महानंदा हाय न्हवं, आटपाडीकडची? कॉलेजात शिकती. आम्ही दोघी फोनवर बोलत बसायचो. तिच्या घरचा आकडा उतरतच नव्हता, एकोणीस का वीस. रडायची बिचारी. मी तिला सांगितली तुमची पद्धत. औषधाचं नाव आत्तींना विचारून सांगितलं. तिच्या अप्पानं गावाकडं घरात मारलं तसंच. डाळिंबवाला माणूस, पंप घरचाच." राजमतीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत न दिसलेलं समाधान होतं. "आठवर आलाय आकडा. आज दुपारी सोडणार हायत तिला घरी. मला न्हाई तर न्हाई, तुमची विद्या तिच्या तरी कामाला आली."

भरतेशनं तिचा हात हळूच चादरीखाली सारला.

घरात काही मारलं नव्हतं ना, या प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर अजून ताजं होतं. ते उत्तर तसंच राहू दिलं असतं तर राजमती हे समाधान घेऊन गेली असती. गावात त्याचा कट्टा राहिला असता. आई सुनेला आल्याचा चहा पाजल्याचं पुण्य मनात धरून उरलेले दिवस काढू शकली असती, औषधाचं नाव आपणच पुढं सांगितलं हे तिला कधी टोचलं नसतं. फक्त शेजारच्या खोलीतली एक मुलगी आज दुपारी त्या घरी गेली असती.

"बाहेर तिचे अप्पा असतील," राजमती म्हणाली. "जावा, भेटून या. हात जोडायचेत म्हणत होते तुम्हाला. मी कुठं जात न्हाई एवढ्यात."

तो उठला.

काचेसमोरच्या बाकावर महानंदाचा बाप, सिदराम बिराजदार, बसला होता. शेजारी भरलेली पिशवी, पिशवीवर लेकीची नवी चादर, बाजूला घरची चाहूल. भरतेशला बघताच तो उठला आणि त्याचे दोन्ही हात धरले. "मालक, तुमचं उपकार मी कसं फेडू? बघा की, आठ! डॉक्टरबाई म्हटल्या, काय केलंसा? मी म्हटलं, झाडलोट केली. औषधाचं न्हाई सांगितलं. मोठ्या माणसांना आपलं गावठी वाटायचं."

भरतेशनं मागं बघितलं. काचेपलीकडं राजमतीनं मान वळवून ठेवली होती, त्या दोघांना बघायला.

"सिदराम," तो म्हणाला, "पोरीला घरी नेऊ नका."

"आं? का म्हणं? आकडा तर..."

"आकडा खोटा न्हाई. पण जे उरलंय ते वाईट उरलंय." त्यानं मुळापासून सांगायला सुरुवात केली. बाग, भुरी, औषध, सवय. कट्ट्यावर सांगायचा तसं, बोटांनी दाखवत, एकेक पायरी. आतली माणसाला मारणारी बुरशी कशी, तिचं औषध कुठल्या गटाचं, भिंतीवर मारलेलं कुठल्या गटाचं. आणि शेवटी, "माझ्या बायकोला मीच मारलंय, सिदराम. माझ्या हातानं, पंपानं. चला माझ्याबरोबर डॉक्टरबाईंकडं. त्यांना मी खोटं सांगितलंय, ते आत्ता खरं सांगू. तुमच्या पोरीच्या घरची पट्टी त्यांनी बघितल्याशिवाय तिला हलवायचं न्हाई."

सिदरामनं त्याचे हात सोडून दिले होते. बाकावरून उचललेलं यंत्र तो छातीशी घट्ट धरून उभा होता.

काच जाड होती. आत त्यातलं एक अक्षरही ऐकू जात नव्हतं. राजमतीला एवढंच दिसत होतं, की आपला नवरा कुणा गरजवंताला बोटं दाखवून नीट समजावतोय, पूर्वी कट्ट्यावर बसून समजवायचा तसाच, आणि ऐकणारा तोंड उघडं ठेवून ऐकतोय. तिला बरं वाटलं. तिनं चादरीखालून हात काढला आणि जेवढा उचलता आला तेवढा उचलून त्याला दाखवला.

भरतेशनंही हात वर केला.